चाळणीआडचं कुमसार

नाताळच्या अंकासाठी "तुमच्या कामाच्या आठवणी लिहा" असा निरोप आला, तेव्हा मी आधी हसलेच. नोकरी केली मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत. पाढे घोकून घेतले, खडूची पूड गिळली, पेन्शन घेतली, संपलं. त्यात लिहिण्यासारखं डोंबल काही नाही. माझं खरं काम रविवारचं. मिस्सेची प्रार्थना आटोपली की चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ वर्षांच्या पोरांना मी पाप शिकवायचे. बिनपगारी, आणि तेही चांगली वीसेक वर्षं.

आमच्या शाळेत एक जोशीबाई होत्या, विलेपार्ल्याहून यायच्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या डबा खाता खाता थांबल्या. "अगं सेसिल, पाप काय शिकवायला लागतं? ते आपोआप येतं की!" मी म्हटलं, येतं आपोआप, पण ते ओळखता आलं पाहिजे ना. त्यांना काही ते पटलं नाही. तेव्हा त्यांच्यासारख्यांसाठी आधी थोडं सांगते.

आमच्यात मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याला पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत वाटतात ती पवित्र भाकर, मिळतो. त्याआधी त्याने कुमसार करायचं. म्हणजे चर्चमध्ये लाकडी पेटीसारखी खोली असते, तिच्या बाजूला गुडघे टेकायचे. मध्ये जाळी, पलीकडे फादर. आपण जे वाईट केलं ते त्यांना सांगायचं. ते दोन शब्द समजावतात, काहीतरी प्रायश्चित्त देतात आणि देवाच्या नावाने क्षमा करतात. ऐकलेलं ते जन्मात कोणाला सांगत नाहीत, मानेवर सुरी ठेवली तरी. मी मुलांना हाताच्या पाच बोटांवर शिकवायचे. अंगठा म्हणजे आठवणं, मग वाईट वाटणं, मग पुन्हा करणार नाही असं ठरवणं, मग सांगणं. करंगळी म्हणजे फादर सांगतील ते प्रायश्चित्त करणं. करंगळी लहान असते म्हणून पोरं तीच विसरायची. मी पट्टी हाणायचे.

तालमीशिवाय मुलं पेटीपाशी नेली तर ती घाबरून चड्डीत मुततात, हे मी पहिल्याच वर्षी पाहिलं. मग मी युक्ती काढली. घरून तांदूळ चाळायची मोठी चाळण आणली. खुर्चीवर बसून ती तोंडासमोर धरायची आणि मुलाने पलीकडे गुडघे टेकायचे. झाली पेटी तयार! नियम एकच. चाळणीआड खोटी पापं सांगायची. खरी फादरसाठी राखून ठेवायची.

काय काय गिऱ्हाईकं आली म्हणून सांगू! एक जण म्हणाला, "मी अजून केलं नाय, पन आज सांजच्याला पेद्रूकाकाचे आंबे पाडनार हाय. आताच सांगून ठेवतो." एका मुलीला रडू आवरेना. मैत्रिणीकडे सात पापं आणि हिच्याकडे दोनच. शेवटी मैत्रिणीने तिला आपली दोन उसनी दिली तेव्हा ती गप्प झाली. फादरना मी हे सांगितलं की ते पोट धरून हसायचे. चाळण आल्यापासून माझी एकही तुकडी पेटीपाशी अडखळली नाही, याचा मला मोठा तोरा होता. दुसऱ्या गावच्या बाया माझी पद्धत बघायला यायच्या.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. संपादकांना हे हवं असेल की नाही कोण जाणे.

साठ सालानंतरची गोष्ट. अंधेरी पूर्वेला मरोळच्या वाटेवर आमचं गावठाण. तेव्हा तिथे भातशेती होती आणि शेतांच्या पलीकडे कारखाने उभे राहायला लागले होते. दारूबंदी होती, आणि खरं सांगायचं तर गावात घरटी कोणी ना कोणी दारू गाळत होतं. लग्नाला, सणाला लागायचीच. बस्त्याव नावाचा एक शेतकरी होता. अर्धी शेती कारखान्यात गेल्यावर तो परसात जरा जास्तच गाळायला लागला. त्याची मुलगी फिलोमिना माझ्या रविवारच्या तुकडीत होती. तिला सगळे फिलू म्हणत. आठ वर्षांची, काटकुळी, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी.

त्या रविवारी आठवी आज्ञा होती, खोटं बोलू नकोस. मी रंगात आले होते. फिलूने हात वर केला.

"बाई, पोलिसानं विचारलं तरी खोटं नाय बोलाचं?"

"नाही."

"आनी खरं सांगून आपल्याच मानसाला तरास झाला तर?"

"तरीही नाही. देवासमोर खरं ते खरं. कोणीही विचारो."

वर्गातल्या सगळ्या पोरांनी ते तीनदा म्हटलं, माझ्यामागून, मोठ्याने. ही पोर असं का विचारते आहे, हे मी तिला विचारलं नाही. शिकवलं त्यात चूक होती असं मला आजही वाटत नाही. पण मी उत्तर देऊन मोकळी झाले. आठ वर्षांच्या मुलीच्या पोटात काय चाललं आहे ते बघायला मला फुरसत नव्हती.

पुढच्या गुरुवारी दुपारी दारूबंदीचे पोलीस आले. बस्त्यावचं घर धुंडाळलं, काही सापडलं नाही. जाता जाता हवालदाराने अंगणात सागरगोटे खेळणाऱ्या पोरीला विचारलं, तुझा बाप मडकी कुठे ठेवतो? आणि फिलूने हात करून उकिरड्याचा खड्डा दाखवला. हे तेव्हा कोणी पाहिलं नाही. पोलीस परत फिरून थेट खड्ड्यापाशी कसे गेले, एवढंच गावाने पाहिलं.

बस्त्यावला तीन महिन्यांची सजा झाली. तो सुटून आला तो खबऱ्याचं नाव मनाशी ठरवूनच आला. भाऊ पेद्रू. दोघांचं बांधावरून आधीपासून बिनसलं होतं. बस्त्यावने भर अंगणात त्याच्या तोंडावर सांगितलं, "माझ्या मयताला पन येव नको." पेद्रूचं विहिरीवर पाणी भरणं बंद झालं. सुगीला त्याच्या शेतावर कोणी हाताला हात लावायला जाईना. त्याची बायको चर्चच्या पायरीवर माझ्याजवळ बसून रडायची. तिच्या नवऱ्याने काही केलं नाही हे ती क्रूसाची शपथ घेऊन सांगायची, आणि कोणी मानत नव्हतं.

अशात तालमीचा दिवस आला. मी चाळण धरून बसले होते. फिलूची पाळी आली. तिने नीट गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "खड्डा मी दाखवला."

मी म्हटलं, "फिलू, खोटं पाप सांगायचं आहे."

"मना खोटं येत नाय, बाई. हवालदारानं विचारलं, मी दाखवला. तुम्ही सांगितलं हुतं खरं बोलाचं, म्हनून बोलले. बाबाला नेलं. आता पेद्रूकाकाला समदे शिव्या घालतात. पाप कुठलं लागलं मना? सांगितलं ते, का आता गप हाय ते?"

चाळणीच्या भोकांतून तिचे डोळे दिसत होते. शेवटी मी म्हटलं, फादरना सांग, ते सांगतील.

"तुम्ही कोनाला सांगनार नाय ना?"

"नाही गं. चाळणीतलं बाहेर जात नाही."

हा माझा शब्द. तिसऱ्या दिवशी मी तो मोडला.

का मोडला याची कारणं माझ्याजवळ होती. पेद्रू निर्दोष होता. त्याच्या बायकोचं रडणं बघवत नव्हतं. आणि ती काही फादरची पेटी नव्हती, तांदूळ चाळायची चाळण होती, तिला कसली आली गुप्तता! असं स्वतःला समजावत मी बस्त्यावच्या घरी गेले. पेद्रूलाही बोलावून घेतलं. दोघा भावांना ओट्यावर समोरासमोर बसवलं आणि सांगितलं की खड्डा फिलूने दाखवला, तेव्हा तुमचं भांडण मिटवा.

"तिनं?" बस्त्याव म्हणाला. "का पन? कोनी शिकवलं तिला?"

तिथे मला बोलायचं होतं. 'मी शिकवलं' एवढे दोनच शब्द होते. ते ओठांपर्यंत आले. बस्त्याव तुरुंगातून आलेला, डोळे लाल, शेजारी कोयता पडलेला. पण खरं सांगते, कोयत्याला मी भ्याले नाही. मी भ्याले ती माझ्या नावाला. बाईंनी पोरीला बापावर घातलं, असं गावभर झालं असतं आणि माझा रविवारचा वर्ग गेला असता.

"लहान आहे," मी म्हटलं. "समजलं नाही तिला."

फिलू दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून पदर सारखा केला.

दोघे भाऊ गळ्यात पडले, रडले. गावात माझं नाव झालं. सेसिलबाईंनी फुटलेलं घर सांधलं म्हणे! पेद्रूने नव्या भाताची एक पायली आणून दिली, आणि ती मी घेतली. शिजवून खाल्ली, दुसरं काय.

बस्त्यावने पोरीला मारलं नाही. मारलं असतं तर बरं होतं असं तिची आई मला पुढे म्हणाली. त्याने तिच्याशी बोलणं सोडलं. पाणी हवं असेल तर बायकोला म्हणायचा, "तिला सांग आनायला." ती समोर उभी असताना. गावची पोरं तिला 'हवालदारीण' म्हणायला लागली, आणि ते नाव तिला चिकटलं.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आदल्या दिवशी मुलांची रांग पेटीपाशी लागली. फिलूने गुडघे टेकले आणि दहा मोजायच्या आत ती उठून आली. मी तिला खांबाआड ओढलं. "सगळं सांगितलंस?"

"नाय."

"मग काय सांगितलंस?"

"काय नाय. माझं पाप भायेर समद्यांना ठाव हाय. फादरना येगळं कशाला सांगू?"

फादरनी तिला आशीर्वाद देऊन सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरा फ्रॉक घालून ती इतर मुलांबरोबर उभी राहिली. पण त्यानंतर ती पेटीपाशी कधी गेली नाही. ईस्टरला गावचे तळीराम वर्षातून एकदा का होईना रांगेत उभे राहायचे. ही बाकावर ताठ बसून असायची. वीस वर्षांत मी कितीतरी मुलं त्या जाळीपर्यंत नेली. ज्या एकीला माझ्या हाताने तिथून मागे फिरवलं ती फिलू.

मी चाळण घरी नेली, पुन्हा वर्गात आणली नाही. शिकवणं मात्र सोडलं नाही. बोटं मोजत पाप, पश्चात्ताप सगळं चालूच. स्वतःचं कुमसारही करत होते. पण आमच्या फादरकडे नाही बरं का! ते आवाजावरून ओळखतील म्हणून मी लांब जायचे. कधी कुर्ल्याला, कधी घाटकोपरला, जिथे कोणी ओळखत नाही तिथे. 'एका मुलीचं गुपित फोडलं' एवढं सांगायचे, क्षमा घ्यायचे आणि बसने घरी यायचे. महिना दोन महिने बरे जायचे. मग फिलू रस्त्यात दिसायची, "बाई, बऱ्या ना?" म्हणायची, आणि पुन्हा सगळं तसंच.

मुलुंडला एक म्हातारे फादर होते. त्यांनी मला एवढ्यावर सोडलं नाही. "त्या मुलीने पोलिसांना का सांगितलं?"

"लहान होती, फादर."

"लहान मुलं थापाही मारतात. हिने खरं का सांगितलं?"

माझ्यामागे रांगेत कोणीतरी खोकत होतं. शेवटी मी म्हटलं, "मी शिकवलं होतं म्हणून."

"हे तिच्या वडिलांना माहीत आहे?"

"नाही."

"मुलीचा भाग तुम्ही चव्हाट्यावर मांडलात आणि स्वतःचा झाकलात. आजवर देवालाही अर्धंच सांगत आलात. क्षमा मी देतो, देव काही कंजूस नाही. पण प्रायश्चित्त म्हणून 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायला सांगणार नाही. त्या घरी जा आणि उरलेलं सांगा."

मी हो म्हटलं. आणि गेले नाही. चार वर्षं गेले नाही! करंगळी विसरली म्हणून पोरांच्या हातावर पट्टी मारणारी बाई मी. आज जाऊ, उद्या जाऊ. आता सुगी आहे, आता बस्त्याव आजारी आहे, आता पाऊस आहे. कारणांना काय तोटा? तेवढ्या काळात फिलू शाळा संपवून एका दवाखान्यात कामाला लागली. बाप बोलत नाही ते नाहीच.

मग फिलूचं लग्न ठरलं. मुलगा भांडुपचा, चांगला होता. लग्नाला चार दिवस होते. मी बाजारातून येत होते. बस्त्यावची बायको भेटली आणि म्हणाली, "पोरीला चर्चात हात धरून कोन नेनार त्यावरनं घरात भांडन हाय. हा म्हनतो पेद्रूला सांग." पिशवी घरी ठेवली आणि तशीच निघाले. घरी बसले असते तर पुन्हा कारण सापडलं असतं.

बस्त्याव अंगणात मांडवासाठी बांबू सोलत होता. केस पांढरे झाले होते. मी उभ्यानेच सांगितलं. आठवी आज्ञा, तिने विचारलेलं, मी दिलेलं उत्तर, पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलेलं, चाळण, मी दिलेला शब्द. आणि ओट्यावर मी काय गिळलं तेही.

तो बांबू सोलतच राहिला. मला वाटलं त्याला ऐकूच गेलं नाही. मग त्याने कोयता खाली ठेवला.

"सेसिल, तवाच का नाय बोलली?"

"भ्याले, दादा."

"कोनाला?"

"माझं नाव जाईल म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं. "माझी पोर आठ वर्साची हुती," तो म्हणाला. "ती नाय भ्याली. तिला म्या बारा वर्सं मारलं, सेसिल. तोंड बंद ठेवून मारलं."

मग तो उठला, ओट्याला धरत धरत आत गेला आणि हाक मारली, "फिलू." आतून ओ आली नाही. त्या आवाजातली हाक आपल्याला आहे हे तिला कळलं नसावं. त्याने पुन्हा हाक मारली. मी तिथून निघाले. रस्त्यात कोण भेटलं, काय बोललं, मला काही आठवत नाही.

लग्नात बस्त्याव तिचा हात धरून चालला. त्याचे खांदे सारखे हलत होते. मी सगळ्यात मागच्या बाकावर होते. फिलूने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याच महिन्यात मी फादरना सगळं सांगून वर्ग सोडला. ते राहा म्हणाले. मी म्हटलं, नको. पुढच्या बाईला एवढंच सांगा, पोराने प्रश्न विचारला की आधी त्याला विचार, का रे बाबा विचारतोस?

सहा-सात महिन्यांनी फिलू माहेरपणाला आली होती. दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी आत ये म्हटलं. आली नाही. चहा टाकते म्हटलं. नको म्हणाली. चौकटीला पाठ टेकून उभी होती.

"बाई, तुम्ही ओट्यावर ते सांगितलं नाय, ते मी तवाच बघितलं. मना वाटलं, उद्या सांगतील. मग वाटलं, नाताळला सांगतील. मी वाट बघत हुते."

"फिलू, माझं चुकलं गं. मी पाप केलं, तुझ्याबाबतीत केलं." हे मी कितीतरी फादरना सांगितलं होतं. तिला पहिल्यांदा सांगत होते. बोलताना मला रडू फुटलं. तिला फुटलं नाही.

"लग्नाआधी मी कुमसारास गेले," ती म्हणाली. "पहिल्यांदाच. फादरना सांगितलं, मना एका बाईचा राग हाय आनी तो मी सोडनार नाय. ते बोलले, सोडावासा तरी वाटतो का? मी बोलले, नाय वाटत. देवासमोर खोटं कशाला बोलू? मग ते बोलले, सोडावासा वाटू दे, एवढं तरी रोज माग. ते मागते मी. रोज. अजून वाटत नाय. पन मागते. हे तुम्हाला सांगावं असं वाटलं."

ती गेली. मी चौकटीपाशी तशीच बसून राहिले, भात करपला तरी उठले नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ती नाताळला येते, "बाई, बऱ्या ना?" म्हणते, तिची मुलं मला नमस्कार करतात. राग सोडावासा वाटायला लागला का, असं मी तिला कधी विचारलेलं नाही. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की मी माझ्या प्रार्थना म्हणते. त्या संपल्या तरी लगेच उठत नाही. भांडुपला त्या वेळी तिचं मागणं चाललं असेल, नसेल. मी देवाशी मध्ये बोलत नाही, गप्प बसून राहते.